बिघडत्या हार्ड डिस्कसाठी आधी नक्कल, मग इलाज

हार्ड डिस्क कुरकुर करू लागली, साधी फाइल उघडायला मिनिटभर लागू लागले किंवा विंडोजने ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असा निरोप दाखवला, की बहुतेक जण सर्वप्रथम हार्ड डिस्क दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर शोधू लागतात. अशी डझनभर नावे लगेच मिळतात, त्यांतली अर्धीअधिक ‘बॅड सेक्टर’, म्हणजे डिस्कवरचे खराब झालेले छोटे कप्पे, ‘शंभर टक्के दुरुस्त’ असे बिनदिक्कत सांगत असतात आणि घाबरलेल्या माणसाला तेच ऐकायचे असते. मित्रमंडळींत आणि नात्यागोत्यात ‘कॉम्प्युटरमधले कळणारा’ अशी ओळख झाल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो, म्हणून उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे. माझे मत असे की, यांत्रिकदृष्ट्या बिघडत चाललेली डिस्क कोणतेही सॉफ्टवेअर बरी करत नाही. मात्र तिच्यातला डेटा बाहेर काढण्यासाठी सॉफ्टवेअरइतके उपयोगी दुसरे काही नाही, आणि तो उपयोग होणार की उलट नुकसान होणार, हे कोणते साधन आधी चालवले यावर ठरते.

हे असे का, हे समजण्यासाठी डिस्कच्या आत डोकवावे लागते. काचेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चकत्यांवर चुंबकीय द्रव्याचा अतिशय पातळ लेप असतो, त्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांच्या वेगाने फिरतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावरून वाचण्या-लिहिण्याचे हेड तरंगत जाते. माणसाच्या केसाची जाडी सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे लॅपटॉप टेबलावर जरा जोरात आपटल्याने काय होऊ शकते याची कल्पना येते. लेपाला ओरखडा पडणे, हेड कमजोर होणे, त्या ओरखड्यातून उडालेले कण आत फिरत राहून नवे ओरखडे पाडणे, बेअरिंग झिजणे हे सगळे भौतिक बिघाड आहेत. सॉफ्टवेअरला मात्र यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसतात ते फक्त क्रमांक. १ टीबीच्या डिस्कमध्ये ५१२ बाइटांचे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर असतात आणि ‘अमुक क्रमांकाचा सेक्टर वाच’ किंवा ‘तमुकवर हे लिही’ एवढ्याच आज्ञा बाहेरून देता येतात. तो सेक्टर कोणत्या चकतीवर आहे, मूळ जागी आहे की राखीव जागेत हलवलेला आहे, हे डिस्कचे स्वतःचे फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतच बसवलेला प्रोग्रॅम, ठरवते आणि नेहमीच्या आज्ञांना उत्तर देताना ते उघड करत नाही.

याच फर्मवेअरकडे खराब जागांच्या दोन याद्या असतात. एक कारखान्यातच तयार झालेली, कारण अगदी नवीकोरी डिस्कही निर्दोष नसते, आणि दुसरी वापरात वाढत जाणारी. एखादा सेक्टर वाचताना चूक-दुरुस्तीच्या गणितालाही मजकूर जुळवता आला नाही, तर डिस्क त्या सेक्टरला ‘प्रलंबित’ ठरवते. ती तो लगेच बदलत नाही, कारण तसे केल्यास आतला मजकूर मिळण्याची उरलीसुरली शक्यताही संपेल. पुढे कोणी त्या सेक्टरवर नव्याने काही लिहू लागले, की डिस्क तिथे लिहून पाहते. लेखन टिकले तर सेक्टर पुन्हा सेवेत येतो आणि नाही टिकले तर तो क्रमांक राखीव जागेतल्या दुसऱ्या सेक्टरला जोडला जातो. ‘बॅड सेक्टर रिपेअर’ म्हणवणारी बहुतेक सॉफ्टवेअरे एवढेच करतात की, त्या सेक्टरवर काहीतरी लिहितात आणि पुढचा निर्णय डिस्कला घ्यायला लावतात. मजकूर आधी वाचता आला नसेल, तर तिथे बहुधा शून्ये लिहिली जातात. म्हणजे अहवालात सेक्टर हिरवा होतो आणि मजकूर कायमचा जातो. ओल आलेल्या भिंतीला चुना मारण्यासारखेच हे आहे.

याला एक प्रामाणिक अपवाद आहे आणि तो आपल्याकडे दुर्मीळ नाही. लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली, तर सेक्टरमधला मजकूर आणि त्याची पडताळणी-संख्या यांचा मेळ बसत नाही. पृष्ठभाग धडधाकट असूनही सेक्टर वाचता येत नाही. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर आणि दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या गावात असे सेक्टर तयार होत राहतात. त्यांच्यावर पुन्हा लिहिले की ते खरोखरच पूर्ववत होतात. विंडोजला पर्याय असलेल्या लिनक्स या मोफत प्रणालीतील एचडीपार्म या साधनाने नेमक्या एका सेक्टरवर शून्ये लिहिता येतात, पण त्यासाठी ‘मी काय करतो आहे हे मला ठाऊक आहे’ अशा अर्थाचा वाक्यभर लांबीचा पर्याय आज्ञेला जोडावा लागतो. तो टाइप करता करता तरी माणसाने विचार करावा, असा त्या साधनाच्या लेखकाचा हेतू असावा. लिहिल्यानंतर प्रलंबित सेक्टरांची संख्या शून्यावर आली, बदललेल्या सेक्टरांची संख्या वाढली नाही आणि पुढचे काही आठवडे दोन्ही आकडे तसेच राहिले, तर दोष विजेचा होता असे मानायला हरकत नाही. आकडे पुन्हा चढू लागले, तर डिस्कचा भरवसा संपला.

मग दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरची एवढी ख्याती झाली कशी? याचे मूळ १९८० च्या दशकात आहे. त्या काळच्या डिस्कमध्ये हेड हलवायला स्टेपर मोटर असे, तापमान आणि झीज यांमुळे हेड आणि पूर्वी लिहिलेला ट्रॅक (चकतीवरची गोलाकार पट्टी) यांची जागा हळूहळू एकमेकांपासून सरकत असे आणि नियंत्रण करणारे सर्किट डिस्कमध्ये नसून संगणकातल्या वेगळ्या कार्डावर असे. त्यामुळे बाहेरचे सॉफ्टवेअर संपूर्ण ट्रॅक वाचून, तिथे नव्याने खरेखुरे लो-लेव्हल फॉरमॅट करून, म्हणजे सेक्टरांच्या खुणा पुन्हा आखून, तोच मजकूर परत लिहू शकत असे, आणि त्याने डिस्क प्रत्यक्षात सुधारत असे. स्टीव्ह गिब्सन या प्रोग्रॅमरचे स्पिनराइट हे दुरुस्तीचे सॉफ्टवेअर याच काळात नावारूपाला आले आणि त्या डिस्कसाठी ते खरोखर उत्तम साधन होते. पुढे आयडीई डिस्क आल्या, नियंत्रण डिस्कच्या आत गेले, ट्रॅकवरच्या मार्गदर्शक सर्वो खुणा कारखान्यातच कायमच्या लिहिल्या जाऊ लागल्या, आणि बाहेरून लो-लेव्हल फॉरमॅट करणे शक्यच राहिले नाही. स्पिनराइटची ६.१ ही आवृत्ती २०२४ मध्ये आली. न वाचता येणारा सेक्टर पुनःपुन्हा वाचून त्यातून जमेल तेवढे गोळा करायचे, ही त्याची पद्धत आजही चालते आणि क्वचित फळही देते. पण ती मूळ डिस्कवरच राबवली जाते आणि मिळालेला मजकूर त्याच डिस्कवर परत लिहिला जातो, म्हणून डेटा मोलाचा असताना मी ते वापरत नाही. विशिष्ट चुंबकीय संकेतांनी पृष्ठभाग ‘पुनरुज्जीवित’ करण्याचा दावा करणाऱ्या एचडीडी रिजनरेटरबद्दल तर मला स्पष्टच म्हणायचे आहे: नेहमीच्या वाचा-लिहा आज्ञांपलीकडे हेडवर हुकूमत नसलेल्या प्रोग्रॅमला असे काही साधणार कसे, हे मला आजवर पटलेले नाही. त्याने बऱ्या झाल्याचे सांगितले जाणारे सेक्टर वर सांगितलेल्या मार्गानेच बरे झालेले असावेत.

सर्वांत जास्त नुकसान मात्र अशा बाहेरच्या साधनांनी होत नाही, तर विंडोजबरोबर फुकट येणाऱ्या चेकडिस्कने होते. चेकडिस्क वाईट प्रोग्रॅम आहे असे मला म्हणायचे नाही. फाइल सिस्टीम, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची डिस्कवरची नोंदव्यवस्था, आतून सुसंगत ठेवणे हे त्याचे काम आहे आणि धडधाकट डिस्कवर ते काम तो चोख करतो. परंतु ‘सुसंगत’ आणि ‘तुमच्या फाइली सुखरूप’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक फाइलची नोंद मास्टर फाइल टेबलात असते. त्या टेबलाचाच काही भाग खराब सेक्टरांत सापडला, तर चेकडिस्कच्या दृष्टीने त्या नोंदी अवैध ठरतात. तो त्या काढून टाकतो, त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्या फोल्डरमधल्या ओळी पुसतो आणि मालक नसलेले तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात क्रमांक घालून टाकतो. हे सगळे तो थेट मूळ डिस्कवर लिहितो आणि ते उलटवण्याची सोय नसते. ज्या नोंदी कदाचित दहाव्या प्रयत्नात वाचता आल्या असत्या, त्या पहिल्याच प्रयत्नानंतर पुसल्या जातात. शिवाय पूर्ण पृष्ठभाग तपासण्याचा पर्याय दिला असेल, तर मरणासन्न हेडला पहिल्यापासून शेवटच्या सेक्टरपर्यंत फरफटत नेले जाते आणि त्या फेरीतून एकाही फाइलची प्रत दुसरीकडे जात नाही. हेडचे उरलेले तास मोजकेच असतील, तर ते या कामासाठी खर्च करण्यात काय अर्थ आहे? लिनक्समधील एफएसचेकलाही हेच लागू आहे.

म्हणून माझा क्रम निदानापासून सुरू होतो, आणि निदान म्हणजे डिस्क स्वतःबद्दल ठेवत असलेल्या नोंदी वाचणे. या नोंदींच्या व्यवस्थेला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स ही दोन्ही साधने फुकट आहेत. पडद्यावर पंचवीस-तीस ओळी दिसतात, त्यांतल्या मोजक्याच कामाच्या असतात. क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे प्रलंबित सेक्टर, १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत न वाचता आलेले सेक्टर आणि १८७ म्हणजे संगणकाला कळवलेल्या, दुरुस्त न झालेल्या चुका. प्रचंड संख्येने डिस्क वापरणारी बॅकब्लेझ ही कंपनी या चारांबरोबर १८८, म्हणजे आज्ञेला वेळेत उत्तर न मिळणे, हीही ओळ पाहते. क्रमांक १९९ दिसला की मला मात्र बरे वाटते, कारण तो डिस्क आणि संगणक यांच्यामधल्या वाहतुकीतल्या चुका मोजतो आणि दोष बहुतेक वेळा साध्या साटा केबलचा निघतो. केबल बदलल्यावर तो आकडा खाली येत नाही, हे ठाऊक असावे. तो पुढे वाढायचा थांबला की काम झाले.

या आकड्यांवर किती विसंबावे, याचे चांगले उत्तर २००७ मध्ये गूगलच्या पिनेरो, वेबर आणि बारोसो या तीन संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कच्या अभ्यासातून दिले. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. म्हणजे धोक्याची खूण दिसली तर ती खरी मानावी. पण त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख खुणांपैकी एकही आधी दिसलेली नव्हती. तेव्हा क्रिस्टलडिस्कइन्फोमधला निळा ‘गुड’ पाहून निश्चिंत होणे चूक आहे. त्याहून मोठी चूक म्हणजे पिवळा ‘कॉशन’ दिसल्यावर त्याच डिस्कवर तासन् तास चालणाऱ्या चाचण्या लावणे. माझ्या दृष्टीने निदानासाठी स्मार्टच्या नोंदी एकदा वाचणे पुरेसे आहे.

नंतरचे पाऊल म्हणजे नक्कल, आणि इथे ज्या एका प्रोग्रॅमचे मनापासून कौतुक करावेसे वाटते तो म्हणजे अँटोनियो डियाझ डियाझ यांनी लिहिलेला जीएनयू डीडीरेस्क्यू. तो दुरुस्तीचा शब्दही काढत नाही. तो मूळ डिस्क फक्त वाचतो, तिच्यावर काहीही लिहीत नाही, आणि तिची सेक्टरवार प्रत दुसऱ्या डिस्कवर किंवा एका मोठ्या फाइलीत उतरवतो. खुबी आहे ती वाचण्याच्या क्रमात. साधी कॉपी खराब जागी अडकली की तिथेच झुंजत बसते. डीडीरेस्क्यू अडचण दिसताच ती जागा सोडून मोठी उडी मारतो आणि आधी सहज मिळणारा सगळा भाग घेऊन टाकतो. मग दुसऱ्या दिशेने येऊन सोडलेल्या तुकड्यांच्या कडा छाटतो, त्यानंतर उरलेल्या भागातला एकेक सेक्टर खरवडून पाहतो आणि आपण सांगितले असेल तर अगदी शेवटी पुन्हा प्रयत्न करतो. कोणता भाग मिळाला, कोणता राहिला आणि कोणता अजून पाहायचा आहे याची नोंद तो मॅपफाइल नावाच्या छोट्याशा मजकूर-फाइलीत ठेवतो. त्यामुळे मध्येच वीज गेली, डिस्क गायब झाली किंवा फार तापल्याने थांबवावी लागली, तरी काम जिथे थांबले तिथून पुढे चालू होते. मॅपफाइल न देता डीडीरेस्क्यू चालवणाऱ्याने त्याचा निम्मा गुण वाया घालवला असे मी समजतो.

हा क्रम का महत्त्वाचा, हे साध्या हिशेबाने कळते. सेकंदाला १०० एमबी वेगाने १ टीबीची डिस्क वाचायला पावणेतीन तास लागतात. त्याच डिस्कचा वेग सेकंदाला १ एमबीवर घसरला, तर तेच काम साडेअकरा दिवसांचे होते. एकेका खराब सेक्टरपाशी डिस्क स्वतःच पाच-पाच सेकंद झटत राहिली, तर दहा हजार खराब सेक्टरांपायी सुमारे चौदा तास जातात, आणि दहा हजार सेक्टर म्हणजे सगळे मिळून जेमतेम पाच एमबी मजकूर. एवढ्या मजकुरासाठी सुरुवातीलाच डिस्कला चौदा तास छळायचे आणि धडधाकट असलेले उरलेले सगळे धोक्यात घालायचे, यात शहाणपण नाही. फोटो आणि हिशेब आधी सुखरूप बाहेर यावेत, खराब पट्ट्यांशी झुंज नंतर द्यावी.

प्रत्यक्ष करताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. आजारी डिस्क विंडोजला जोडूच नये, कारण जोडल्याबरोबर एक्सप्लोरर फोटोंच्या लहान प्रतिमा तयार करू लागतो, अँटिव्हायरस तपासू लागतो, शोध-सूची तयार होऊ लागते आणि यातला प्रत्येक जण खराब जागांवर जाऊन आदळतो. पेनड्राइव्हवरून चालणारे लिनक्स वापरावे आणि त्यात ती डिस्क माउंट करू नये, म्हणजे तिच्यातल्या फाइली उघडण्यासाठी जोडू नये. उबुंटूत हे पॅकेज जीडीडीरेस्क्यू या नावाने मिळते. प्रत ज्या डिस्कवर घ्यायची ती मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी. मूळ डिस्क कोणती आणि नवी कोणती हे क्षमतेवरून न ठरवता अनुक्रमांक पाहून ठरवावे आणि आज्ञा देण्यापूर्वी ते पुन्हा वाचावे, कारण या दोन नावांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि मग कोणताच उपाय उरत नाही. पोर्टेबल डिस्क असेल तर लांब केबल आणि कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे यूएसबी पोर्ट टाळावेत; पुरेशी वीज न मिळाल्यानेही डिस्क टकटक करते आणि गायब होते, आणि केवळ मागच्या पोर्टात आखूड केबलने जोडल्यावर शहाण्यासारखी वागू लागलेल्या डिस्क मी पाहिल्या आहेत.

प्रत हाती आली की मूळ डिस्क काढून कपाटात ठेवावी आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर, जमल्यास प्रतीच्याही प्रतीवर करावेत. आता चेकडिस्क चालवायचा असेल तर खुशाल चालवावा. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे टेस्टडिस्क हरवलेले पार्टिशन शोधून देते, बूट सेक्टर परत बसवते आणि फाइली त्यांच्या नावांसह व फोल्डरांसह बाहेर काढून देते. त्याच्याच जोडीला येणारे फोटोरेक फाइल सिस्टीमकडे पाहतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलीची सुरुवात ज्या खुणेने होते ती खूण सेक्टरांत शोधत जाते आणि सापडेल ते बाहेर काढते. फाइल सिस्टीमचा पार चुराडा झालेला असतानाही फोटोरेक काम करते हे खरे, पण त्यात नावे, तारखा आणि फोल्डर सगळे जाते, आणि तुकड्यातुकड्यांत साठवलेल्या मोठ्या फाइली अर्धवट निघतात.

नावे जाणे म्हणजे काय, हे माझ्या परिचयाच्या एका डीटीपी व्यावसायिकांच्या डिस्कवर काम करताना चांगलेच कळले. दिवाळी अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका अशी अनेक वर्षांची कामे त्या डिस्कवर होती, आणि मजकूर बहुतेक जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत होता. अशा फॉन्टमध्ये मराठी अक्षरे प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली असतात. फाइलीत ‘संपादकीय’ असे कुठेच नसते, असते ती चिन्हांची विचित्र ओळ. नाव हरवलेल्या हजारो फाइलींत एखादा लेख शोधायचा, तर मराठी शब्द टाकून शोध लागत नाही. तोच शब्द त्याच फॉन्टमध्ये टाइप करून, फॉन्ट काढल्यावर जी चिन्हे दिसतात ती शोधावी लागतात, आणि फॉन्ट बदलला की चिन्हेही बदलतात. सुदैवाने तिथे मास्टर फाइल टेबलाचा बहुतांश भाग डीडीरेस्क्यूच्या प्रतीत शाबूत उतरला होता, म्हणून ‘दिवाळी’ नावाचे वर्षवार फोल्डर जसेच्या तसे मिळाले आणि फोटोरेकचा ढीग फक्त उरलेल्यांसाठी उपसावा लागला. मराठी मजकुराचा जुना साठा ज्यांच्याकडे आहे त्यांनी म्हणूनच फाइल सिस्टीम वाचवण्याला फोटोरेकच्या आधी प्राधान्य द्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सॉफ्टवेअरची हद्द कुठे संपते? डिस्क फिरतच नसेल, ठरावीक लयीत टकटक करत असेल, घासल्यासारखा आवाज येत असेल किंवा बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूलभूत प्रोग्रॅममध्ये) तिचे नाव अथवा क्षमता चुकीची दिसत असेल, तर कोणताही प्रोग्रॅम चालवू नये, डीडीरेस्क्यूसुद्धा नाही. वीज बंद करावी. घासणारे हेड प्रत्येक फेरीत लेप खरवडत असते आणि खरवडलेला लेप जगातली कोणतीही प्रयोगशाळा परत देऊ शकत नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याच्या सल्ल्याबद्दल एवढेच की, बाहेर काढल्यावर आत दव जमते. त्याच मॉडेलच्या डिस्कचा सर्किट बोर्ड बसवण्याची युक्तीही आता सहसा चालत नाही, कारण त्या एका डिस्कच्या हेडसाठी जुळवलेली मूल्ये बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये असतात आणि ती चिपही सोबत हलवावी लागते.

या हद्दीच्या पलीकडेही एका प्रकारचे सॉफ्टवेअर आहे, पण ते डाउनलोड करून वापरण्याचे नव्हे. रशियात सुरू झालेल्या एस लॅबचे पीसी-३००० हे विशेष हार्डवेअरसह चालणारे साधन उत्पादकाच्या खास आज्ञा वापरून डिस्कच्या फर्मवेअरशी थेट बोलते, कमजोर हेड बाजूला ठेवून बाकीच्या हेडकडून वाचून घेऊ शकते आणि बिघडलेली फर्मवेअरची पाने दुरुस्त करू शकते. अशी दुरुस्ती किती परिणामकारक असते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण जानेवारी २००९ मधले. सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतल्या अनेक डिस्क अचानक संगणकाला दिसेनाशा झाल्या. चकत्या, हेड, डेटा सगळे ठणठणीत होते. फर्मवेअरच्या अंतर्गत नोंदवहीत एका ठरावीक ठिकाणी पोचल्यावर डिस्क सुरू झाली, की ती कायम ‘व्यग्र’ अवस्थेत अडकत असे. कंपनीने फर्मवेअर अपडेट दिले आणि मोफत डेटा रिकव्हरी देऊ केली, आणि त्याच सुमारास जगभरातल्या हौशी लोकांनी बोर्डावरच्या सिरियल पिनांना स्वस्तातले अडॅप्टर जोडून, चार आज्ञा देऊन डिस्क उठवल्या होत्या. सॉफ्टवेअरने डिस्क खरोखर दुरुस्त झाली असे मी बिनधास्त म्हणेन ते हे उदाहरण, आणि तिथे मुळातला दोषही सॉफ्टवेअरचाच होता.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की आपल्या गावात, डेटा रिकव्हरीची पाटी लावलेल्या दुकानात डिस्क देताना मी एकच प्रश्न विचारायला सांगतो: ‘तुम्ही आधी पूर्ण प्रत घेता का, आणि कशाने?’ उत्तरात एखाद्या इमेजिंग, म्हणजे सेक्टरवार प्रत घेणाऱ्या, साधनाचे नाव आले तर पुढे बोलावे. ‘विंडोजला लावून स्कॅन करून बघतो’ असे उत्तर आले, तर डिस्क परत घ्यावी. यूएसबी पोर्टेबल डिस्कचे वेष्टन उघडून आतली डिस्क थेट जोडण्याचा प्रस्ताव आला, तर जरा थांबावे. काही मॉडेलांत पासवर्ड ठेवलेला नसतानाही मधला यूएसबी बोर्ड सगळा डेटा एन्क्रिप्ट करतो, आणि तो बोर्ड वगळला की समोर निरर्थक आकडे येतात. एसएसडीबद्दल इथे फार लिहीत नाही. तिच्यात हेड नाही की चकती नाही, बिघाड अनेकदा पूर्वसूचनेशिवाय होतो, आणि ट्रिम (पुसलेल्या फाइलींच्या जागा एसएसडीला कळवून मोकळ्या करणारी सोय) चालू असल्याने पुसलेल्या फाइली सहसा परत मिळत नाहीत; नक्कल आधी हा नियम मात्र तिथेही तसाच आहे.

उरतो प्रश्न कपाटात ठेवलेल्या मूळ डिस्कचा. डेटा सुखरूप निघाला याची खात्री पटेपर्यंत ती टाकू नये. एखादी फाइल राहिली असेल तर मॅपफाइल घेऊन तिच्याकडे परत जाता येते. पण बदललेल्या सेक्टरांचा आकडा चढत असताना तिच्यावर ‘बिनमहत्त्वाचे’ म्हणून सिनेमे ठेवू नयेत, कारण दोन वर्षांनी त्याच फोल्डरात मुलाच्या मुंजीचे फोटो आलेले असतात. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनी डिस्क बदलून देते, मात्र जुनी डिस्क आतल्या डेटासह तिच्याकडे जाते. चालू अवस्थेतली डिस्क सिक्युअर इरेजच्या आज्ञेने पुसता येते आणि त्यातला विस्तारित प्रकार बदललेल्या सेक्टरांच्या मूळ जागाही पुसतो. बिघडत्या डिस्कवर मात्र ही आज्ञा पूर्ण होईल याची हमी नसते. त्यामुळे ग्राहकांचे हिशेब, बँकेची कागदपत्रे किंवा रुग्णांच्या नोंदी असलेली डिस्क असेल, तर वॉरंटी सोडून देऊन ती उघडावी आणि चकत्या फोडाव्यात. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमध्ये चकत्या बहुधा काचेच्या असतात आणि त्या वाकत नाहीत, एकदम फुटून बारीक तुकडे सगळीकडे उडतात. डिस्क जाड कापडात गुंडाळून आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावूनच हातोडा उचलावा.